नवसाचा एडका

आमच्या घरात एक लोखंडी पेटी भरून शाली आहेत. सगळ्या नायलॉनच्या, सगळ्यांना एकच सोनेरी काठ, आणि एकही कुणी कधी अंगावर घेतलेली नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी आली की गावाला अण्णांची आठवण होते. अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून घरी आले ते नायक म्हणून, पण गाव त्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याच्या खालचा हुद्दा गावाला मंजूर नाही. मग त्यांना खुर्चीवर बसवायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, शाल घालायची आणि माईकवरून सांगायचं, की मेजरसाहेबांनी हातात बंदूक घेऊन सीमेवर छातीचा कोट केला. अण्णा खाली मान घालून बसतात. पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला तर दोन-दोन तास तसेच उन्हात बसतात.

अण्णांनी बंदूक चालवली ती ट्रेनिंगमध्ये, आणि पुढं वर्षातून एखाद्या वेळी चांदमारीला. बाकी सगळी नोकरी त्यांनी खेचरं हाकली.

हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. उलट हेच सांगा म्हणून मी गावापुढं घसा कोरडा केलाय. जिथं रस्ता नाही, गाडी जात नाही, तिथं वरच्या चौकीवर पीठ, रॉकेल, औषधं, दारूगोळा सगळं खेचराच्या पाठीवरून जातं. आणि वरून खाली जे आणायचं असतं तेही खेचराच्याच पाठीवरून. जखमी माणूस, कधी मेलेला माणूस. मेंढरं राखणाऱ्या घरातलं पोरगं भरतीला गेलं, साहेबानं विचारलं काय येतं, पोरगं म्हणालं जनावर सांभाळता येतं. झालं. बर्फात अण्णांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. त्यांना अजून थंडीत नीट चालता येत नाही. पण ही बोटं कशी गेली हे भाषणात कधी आलं नाही. मी एकदा उपसरपंचांना स्पष्ट म्हटलं, की बाबा, खेचरांचं सांगा, ते खरं आहे. तर म्हणाले, "मॅडम, खेचर हा शब्द भाषणात बरा दिसत न्हाई."

मी हिंगोलीत शाळेवर शिक्षिका आहे. माझं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडं. मी शिक्षिका झाले ती अण्णांमुळं, यात शंका नाही. मी आठवीत असताना आमच्याच पाहुण्यांतलं एक स्थळ घरी आलं होतं. नेमके अण्णा सुटीवर आलेले. त्यांनी दारात खुर्ची टाकली, वर बसले आणि म्हणाले, "पोरगी शिकून राहिली. च्या घ्या अन् निघा." पाहुणे चहा न घेताच निघाले. भावकी वर्षभर बोलत नव्हती. ही गोष्ट मी शाळेत, शिक्षकदिनाला, बायकांच्या मेळाव्यात, कुठं कुठं सांगितलीय. दरवेळी टाळ्या पडतात.

पण त्याच वर्षभर भावकीचे टोमणे ऐकत, पावसाळ्यात मेंढरांमागं चिखल तुडवत, आम्हा दोन लेकरांना सांभाळत जी बाई राहिली, ती माझी माय माझ्या कुठल्याच भाषणात नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं मला काही दिसतच नव्हतं. माय काय, देवदेव करते. रविवार धरते, खंडोबाला भंडारा वाहते, कुणी शिंकलं तरी थांबते. अण्णा तिची चेष्टा करायचे आणि मी त्यांच्या बाजूनं हसायची.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी उपसरपंचांचा फोन आला. "मॅडम, सव्वीस जानेवारीला मेजरसाहेबांचा मोठा सत्कार करायचा. या टायमाला तुमीच बघा सगळं." मी म्हटलं, बरं सापडलात. आता मी दाखवते सत्कार कसा असतो. माझी पहिली अट, की नायलॉनची शाल घरात येणार नाही. धनगराच्या घरातला माणूस आहे, त्याच्या खांद्यावर घोंगडी पडली पाहिजे, आणि तीही आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. दिवाळीनंतर मेंढरं कातरायची असतातच. लोकर विणायला दिली की जानेवारीपर्यंत घोंगडी तयार. उपसरपंच म्हणाले, "वा मॅडम, काय आयड्या हाय!" मी हुरळून गेले. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्यामागं, ती मीच.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले. भाऊबीज होती, पण माझा भाऊ घरी नव्हता. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, अण्णांच्या पावलावर पाऊल. बीएस्सी झाला आणि भरती झाला. सध्या बर्फात कुठंतरी वर आहे. कुठं ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. रेंज मिळाली की त्याचा फोन येतो. मी त्याच्या फोटोला ओवाळलं. माय तिच्या भावाला ओवाळायला कनेरगाव नाक्याकडं माहेरी गेली. चार दिवसांनी येते म्हणाली. कळप राखणारा माझा चुलतभाऊ बायकोला आणायला सासरवाडीला गेला होता. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कातरणारे आले. वाशिमकडची माणसं, आमच्या घरची माहिती नसलेली.

अण्णा ओढ्यावर येत नाहीत, उतारावर त्यांचा पाय घसरतो. म्हणाले, "तू उभी ऱ्हा तिथं." मी राहिले. कातरायच्या आधी मेंढरं पाण्यात धुवून घेतात, कचरा-माती निघून जाते. धुतलेली मेंढरं उन्हात उभी केली, एकेकाला आडवं पाडून कात्र्या चालू झाल्या. मी खुर्ची टाकून बसले होते, अगदी मुकादमासारखी. लोकर कमी पडतेय असं मला वाटू लागलं. पूर्वीसारखा कळप राहिला नाही, पंचवीस-तीस डोकी उरलीत.

तेवढ्यात त्यांनी एक एडका ओढत आणला. मोठा, काळा. त्याची लोकर पोटाखाली लोंबत होती, गुठळ्या झालेल्या, काटे अडकलेले, त्याला धड चालता येईना. मला तिरीमिरीच आली. इतक्या वर्षांत याला कुणी हात लावला नाही? चुलतभाऊ करतो काय दिवसभर? मोबाइल बघतो?

कातरणाऱ्यांतला म्हातारा थांबला. त्यानं एडक्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग माझ्याकडं बघितलं. "बाई, ह्यो देवाचा तर न्हाई ना? इतकी लोकर उगंच कोनी ठिवत न्हाई."

"देवाचा-बिवाचा काही नाही हो," मी म्हटलं. "हयगय आहे सगळी. किती तकलीफ होऊन राहिली बघा त्याला. कातरा."

"घरच्या मानसानं सांगितलं म्हंजे झालं. आमच्यावर बोल न्हाई मंग."

"माझ्यावर बोल," मी म्हटलं. हसलेसुद्धा.

त्याचा प्रश्न किती सरळ होता! त्या परक्या माणसाला लोकर बघून कळलं, आणि मला, त्या घरच्या लेकीला, कळलं नाही. एका बाजूनं ती लोकर सुटत गेली तशी अखंड, रजईसारखी उलगडली. मी तिचा फोटो काढून उपसरपंचांना पाठवला.

माय आली ती सांगितल्या दिवशी दुपारी. सेनगावपर्यंत एसटीनं, पुढं कुणाच्या तरी गाडीवर. हातातली पिशवी न ठेवता आधी मेंढरांकडं गेली, तिची ती सवयच. मी चहा टाकत होते. तिचा आवाज आला, "माझा एडका कुठं हाय?"

मी बाहेर आले. माय कळपात इकडंतिकडं बघत होती आणि एक हाडकुळा, उघडा एडका तिच्या पदरात तोंड खुपसत होता. ती रोज त्याला पदरातून भाकरीचा तुकडा द्यायची म्हणे. तिनं त्याला एकदा बाजूला सारलं. दुसऱ्यांदा सारलं. तिसऱ्यांदा तिचा हात त्याच्या पाठीवर पडला आणि तिथंच राहिला.

"कोनी?" ती म्हणाली.

"मी सांगितलं कातरायला. काहून? काय झालं?"

माय मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावले तर तिनं पेला हातानं सारला. "तुला सांगितलं व्हतं ना मी?"

"कधी?"

"पोरगं भरती झालं तव्हा. फोनवर सांगितलं. पोरगं नोकरी पुरी करून जिता घरी आलं की खंडोबापुढं न्हेऊन कातरीन, त्या लोकरीची घोंगडी देवावर घालीन. तंवर कात्री लावनार न्हाई. तू व्हय व्हय म्हनलीस."

आणि मला आठवलं. परीक्षेचे पेपर तपासत होते मी. फोन कानाला आणि लाल पेन हातात. माय काहीतरी लांबण लावून सांगत होती, खंडोबा, एडका, असलं काहीतरी. मी व्हय माय, बरं माय करत एकेक पेपर खाली टाकत होते. तिनं दर रविवारी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, तो त्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात धुऊन गेला. बाकी कुणालाही दिसलं असतं ते मला हयगय म्हणून दिसलं. इतका संताप आला मला स्वतःचा, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मायनं मारली असती तर बरं झालं असतं. तिनं मारलं नाही, ओरडलीही नाही. तिथंच बसून त्या उघड्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी अण्णांकडं गेले. म्हटलं हे तरी सांभाळून घेतील. "नवसानं का बरफ अडतं व्हय?" हे अण्णांचंच वाक्य, जन्मभर ऐकलेलं. नवसाचं मला माहीत असेल असंच ते धरून होते, आणि पाय आखडल्यामुळं मधल्या दिवसांत कळपाकडं फिरकले नव्हते. मी सगळं सांगितलं. अण्णा उठले, ती लोखंडी पेटी उघडली, दोन शाली काढल्या आणि लंगडत एडक्याकडं गेले. दिवाळीनंतरची थंडी पडू लागली होती. त्यांनी एक शाल त्याच्या पाठीवर घातली, दुसरी पोटाखालून घेऊन पक्की गाठ मारली. जनावरावर काही बांधायचं त्यांच्या हाताला अजून बराबर येतं. गावानं दिलेल्या शालींचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

"अण्णा, माझं चुकलं," मी म्हटलं. "पण मी तुमच्या सत्कारासाठीच..."

"मी मागितला व्हता का कव्हा सत्कार?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुला पायजे व्हता. गावाला पायजे व्हता."

"पण तुम्हीच म्हणायचे ना, की नवसानं काय होतं?"

"म्हनायचो. घरी बसून म्हनायला काय जातं?" आणि मग गाठ पुन्हा ओढून बघत, "वर व्हतो तव्हा नव्हतो म्हनत."

एडक्याला पुढं घालून ते लंगडत आडोशाला गेले.

लोकरीचा ढीग ओसरीवर पडला होता, त्या एडक्याची लोकर बाकीच्या लोकरीत मिसळून गेलेली. मी म्हटलं, निवडून वेगळी करते. माय म्हणाली, "आता सगळीच देवाची. ऱ्हाऊ दे." दोन पोती भरली आणि माळ्यावर टाकली. घोंगडीचा विषय संपला.

सुटी संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. तोवर माय दोन घास सोडून जेवली नव्हती आणि मोबाइल कनवटीला लावून फिरत होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला. आवाज तुटत होता. अण्णांची तब्येत, माझी शाळा, ज्वारी कशी आहे, सगळं विचारून झालं. मग तो म्हणाला, "माय, एडका कसा हाय?"

मी चाट पडले. हा बीएस्सी झालेला माणूस! मला वाटायचं नवस मायचा एकटीचा आहे. तो प्रत्येक फोनला हे विचारतो हे मला त्या दिवशी कळलं.

मायनं फोन तोंडाजवळ धरला. मी आणि अण्णा तिच्या तोंडाकडं बघत होतो. माझी माय जन्मात खोटं बोललेली मला माहीत नाही. दुसऱ्याच्या शेतात आमच्या मेंढरानं तोंड घातलं तर ही स्वतः जाऊन मालकाला सांगून यायची आणि शिव्या खायची. ती म्हणाली, "चांगला हाय रं बाळा. लोकर गुडघ्याला लागली त्याच्या."

"मंग फिकीर न्हाई," तो हसला. "लई बरफ पडून राहिलं इथं. मी पोरान्ला सांगत असतो, तुमी भ्या, माझा एडका हाय घरी."

फोन कट झाला. माय देवापुढं गेली आणि तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर फाडफाड मारून घेतलं. मी हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड. त्याला काय सांगू? तिकडं पाय टाकायचा हाय त्याला. मनात पाल चुकचुकली तर घसरंल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चप्पल सोडली. एडका नाही तर मी, असं काहीतरी तिनं देवाशी ठरवलं असावं. काट्याकुट्यात, बांधावर, सगळीकडं अनवाणी. मला ते बघवेना. हिंगोलीला निघताना मीही चप्पल काढून हातात घेतली. म्हटलं, चूक माझी, मी अनवाणी राहते, तू घाल. मायनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "घाल ती चप्पल! तुझा भरोसा न्हाई, मंग पाय काहून पोळवतीस? खंडोबाला असलं वरवरचं नको."

मी चप्पल घातली.  खरं बोलली होती ती. मी देवासाठी काढली नव्हती, मला हलकं वाटावं म्हणून काढली होती. गाडीत बसून सेनगाव येईपर्यंत मी रडत होते आणि शेजारची बाई विचारत होती, सासरी तकलीफ आहे का म्हणून.

सव्वीस जानेवारीच्या आठ दिवस आधी मी उपसरपंचांना फोन करून सांगितलं, की घोंगडी होत नाही, शालच आणा. "मी आधीच आनून ठिवली व्हती मॅडम," ते आनंदानं म्हणाले. भाषण मात्र मी लिहून दिलं होतं. चार ओळी. त्यात खेचरं होती, बर्फ होतं, पायाची दोन बोटं होती, आणि शेवटी मायचं नाव न घेता मायही होती, मागं राहून घर राखणाऱ्यांचं ऋण वगैरे. पाहुणे दीड तास उशिरा आले. उपसरपंचांनी कागद हातात घेतला, दोन ओळी वाचल्या, पाहुण्यांकडं बघितलं आणि कागदाची घडी घालून म्हणाले, "मेजरसाहेबांनी हातात बंदूक घेऊन छातीचा कोट केला!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, स्टेजवर गेले, माईक घेतला आणि म्हटलं, माझ्या वडिलांनी खेचरं हाकली, त्याची मला लाज नाही, तुम्हाला कशाची वाटते? पुढच्या रांगेतली शाळेची पोरं हसली. एकानं खेचरासारखं ओरडून दाखवलं, मग सगळीच ओरडायला लागली. मास्तर त्यांना गप्प करत होते आणि स्वतःही हसत होते. अण्णा फेट्याखाली मान घालून बसले होते. माय बायकांच्या घोळक्यात शेवटी, अनवाणी उभी होती. मी काय सांगायला गेले होते आणि काय झालं! बोलायचं तेव्हा बोलता येत नाही आणि नको तिथं जीभ टाळ्याला लावायची, हा माझा जुनाच रोग.

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "आता तरी दम धर बाई."

फेब्रुवारीत भाऊ सुटीवर येतो असा निरोप आला आणि घरात आनंदाच्या आधी घबराट झाली. मायनं दोन दिवसांत कळप बाहेर काढला. चुलतभावाला सांगितलं, सिद्धेश्वरच्या धरणाकडं घेऊन जा, तिकडं पाणी आहे, चारा आहे, पोरगं परत जाईपर्यंत येऊ नको. खरं कारण चुलतभावाला माहीत होतं. भाऊ आला, पोळ्या झाल्या, सगळं झालं, आणि तो म्हणाला, एडक्याला पाहून येतो. माय म्हणाली, तिकडं धरणाकडं आहे, लांब आहे, आज दमला आहेस. दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्याच्या पायाला लागलंय, चालवत आणता येत नाही. मी रविवारी गेले तर मला म्हणाली, तू सांग धरणाकडं जायची गाडी बिघडली म्हणून. मीही सांगितलं. ज्या घरात अण्णांनी शिस्त लावली आणि मायनं खरेपणा, त्या घरात आम्ही तिघं मिळून एका पोराला रोज खोटं सांगत होतो. तो ऐकून घ्यायचा. "बरं बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणायचा आणि दोस्तांकडं निघून जायचा. मला वाटायचं, सुटलो. पोरगं भोळं आहे.

परत जाताना त्याची गाडी हिंगोलीहून होती. माय गावच्या फाट्यावरूनच परतली. तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होती. माझ्या घरी तो जेवला, मी त्याच्याबरोबर स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता. तो बाकावर बसला, ट्रंकेवर पाय ठेवले आणि म्हणाला, "आक्का, मी एडका पाह्यला."

मी त्याच्याकडं वळले. "कव्हा?"

"आल्यावर तिसऱ्याच दिवशी. दोस्ताकडं जातो म्हनून गेलो नव्हतो का? धरनावर गेलो. दोन बोटं लोकर हाय त्याला."

मी बोलायला तोंड उघडलं. म्हटलं, मी कातरायला लावला, माय निर्दोष आहे, माझ्यामुळं तिला खोटं बोलावं लागलं, माझी चूक, मला माफ कर. असं बरंच काही एका दमात बोलत सुटले. त्यानं हातानं थांबवलं.

"माहीत हाय मला. कळपावरच्या भाऊनं सांगितलं सगळं. तू रडू नको, लोकं पाहून राहिलेत." मग जरा पुढं वाकून म्हणाला, "एक काम कर. मायला सांगू नको, मी पाह्यला म्हनून. तिला वाटू दे पोरगं भरोशावर गेलं. न्हाईतर ती अन्न सोडंल."

"अन् तू?" मी विचारलं. "तुझं काय?"

 गाडी फलाटावर आली होती. तो उठला, ट्रंक आत ढकलली, दारात उभा राहिला. एवढा उंचापुरा माणूस, पण मला तो त्या क्षणी पहिलीच्या वर्गात सोडून आलेल्या लेकरासारखा दिसला. "माझं काय आक्का, ड्युटी हाय ती करायची," तो म्हणाला. "फक्त वर गेलो की पोरं इचारतील, एडका कसा हाय म्हनून. त्यान्ला काय सांगू तेवढं ठरवून राहिलो."

गाडी हलली.  इतकी वर्षं पोरांना भाषणं लिहून देते मी, आणि माझ्या भावाला बर्फात सांगायला एक वाक्य मला देता आलं नाही.

फलाटावरून बाहेरही पडले नव्हते तोच मायचा फोन आला. "गेला का गं? निघताना एडक्याचं कायी म्हनला का?"

"नाही माय," मी म्हटलं. "खूश होता."

"खंडोबानं राखली बाई," माय म्हणाली आणि तिचा आवाज किती तरी दिवसांनी मोकळा झाला. "लेकराच्या मनात कायी आलं न्हाई. मंग आता मला घोर न्हाई."

मी व्हय माय म्हटलं. तिच्या जिवाचा घोर उचलून तो पोरगा एकटाच बर्फात घेऊन गेला होता, आणि हे मला तिला कधीच सांगता येणार नव्हतं.